दर्यासाहेबांची बिनमाशांची पेटी

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, लोकांना मोठ्या अगत्यानं घरी बोलावून समुद्रातल्या माशांची पेटी दाखवत, आणि त्या पेटीत मासा नसे. काचेची पेटी, तळाशी वाळू, चार दगड आणि स्वच्छ पाणी. पाहुणा डावीकडून बघे, उजवीकडून बघे, वाकून बघे आणि शेवटी विचारी, "मासे कुठं हायेत?" मामंजी या प्रश्नाचीच वाट बघत असत. "पाणी तयार होऊन राह्यलंय. सब्र करा, सब्र!"

निजामाच्या राज्यात, जालन्याच्या मालधक्क्यावर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. एका लग्नासाठी मुंबईला गेले, तिथे एका पारशी गृहस्थाच्या दिवाणखान्यात अशी पेटी पाहिली आणि वेडच घेऊन परतले. नव्या पाण्यात मासा मरतो. दगडांवर शेवाळ धरेपर्यंत थांबा, मग एकच स्वस्तातला मासा सोडा, तो जगला तर बाकीचे आणा, असं त्या पारशानं सांगितलं होतं. मामंजींनी ते गुरुमंत्रासारखं धरलं. पण जालन्यात समुद्र कुठला? ओळखीचा रेल्वेचा गार्ड मुंबईहून पाणी आणून देई, तेही सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांत. पहिल्या खेपेचा समुद्र मामंजींनी चाखला आणि अंगणात ओतून दिला, कारण त्याला कैरीची चव होती. तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव पडलं दर्यासाहेब.

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की ते पेटीत करंगळी बुडवून जिभेला लावत आणि डोळे मिटून म्हणत, "अजून कच्चं हाय." सासूबाई चुलीपासून ओरडत, "माझ्या वरणाची अशी चव कधी घेतली न्हाई ह्या माणसानं!" टेंभुर्णीहून आलेल्या माझ्या वडिलांनी एकदा सहज विचारलं, "व्याही, कालवण कधी?" त्यांच्याशी मामंजी पुढच्या सणापर्यंत बोलले नाहीत.

माणसांनाही ते हाच नियम लावत. मी नवी नवरी म्हणून आले, तेव्हा सासूबाई मला लगेच जात्यावर बसवणार होत्या. मामंजी ओसरीवरून म्हणाले, "पोरगी नवी हाय. आधी तिला घर मानवू दे, मंग कामं सांग." ते घर मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते तेव्हा.

अखेर शेवाळ धरलं आणि मामंजींनी गल्लीभर दवंडी पिटली. सासूबाईंची अट होती: मासा मेला तर पेटी घरातून जाणार. बोटाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा बरणीतून आला. मामंजींनी बरणीत वाटी वाटी पेटीचं पाणी घालत अर्धा दिवस काढला आणि मग त्याला पेटीत सोडलं. दुसऱ्या दिवशी मासा उलटा तरंगत होता.

मामंजींनी करंगळी जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. मग बाही सारून वाळू चाचपली, तर तळातून तांब्याचा पैसा निघाला, हिरवा पडलेला. गाडी पुलावर आली की लोक नदीत पैसा टाकतात, तसा कुणीतरी समुद्राला वाहिला होता, आणि तांबं पाण्यात उतरून माशाला बाधलं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला होता. मामंजींनीही पाहिलं असावं. पैसा मुठीत धरून ते जमलेल्यांना म्हणाले, "गार्डानं बरणी लई हलवली. बिमारच आल्ता बिचारा."

दुपारी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "पैसा माझा व्हता. मासा जगू दे म्हणून राजूरच्या गणपतीचं नाव घेऊन टाकला. काढा आता पेटी."

"कामून काढू? माझ्या दर्याला तू हात जोडले, हे काय कमी झालं?"

"हात न्हाई जोडले. नुसता पैसा टाकला."

मी चुलीपाशी पदर तोंडात कोंबून हसत होते. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच बरण्या घासून गार्डाकडे धाडल्या, आणि पाणी नव्यानं तयार व्हायला लागलं.

शेवाळ पुन्हा धरायच्या आत मामंजी साध्या तापानं गेले. शेवाळ धरल्यावर दुसरा मासा सासूबाईंनीच मागवला. तो आला आणि जगलासुद्धा. त्याच्याकडे त्या किती तरी वेळ बघत बसल्या. मला वाटलं आता रडतील, पण त्या चिडल्या, "साऱ्या जन्मात कशाची घाई न्हाई केली ह्या माणसानं. मंग जायचीच एवढी जल्दी कामून केली?"