आरशाला टांगलेली जाळी

मावशी गेल्याचा फोन औशाहून आला तेव्हा मी नांदेडला ऑफिसात होते. खोटं कशाला सांगू, रडू फुटायच्या आधी मला ऑइलच्या दुकानाचा बालाजीशेठ आठवला. म्हटलं, सुटला मेला!

काका गेल्यावर त्यांची काळी-पिवळी जीप मावशीनं स्वतः हातात घेतली आणि औसा-किल्लारी फेऱ्या मारून घर चालवलं. काकांनी ऑइल कधी वेळेवर बदललं नव्हतं, त्यामुळे इंजिनात जुना गाळ होता. पण मावशी नेमानं ऑइल बदलायची आणि गाडी बिनतक्रार पळायची. बालाजीशेठ काकांचा दोस्त. "वैनी, ही फ्लशची बाटली टाका. इंजिनला जुलाब दिल्यासारखं हाय, सगळं साफ!" म्हणाला. घरचा माणूस म्हणून तिनं ऐकलं. गाळ सुटला खरा, पण जाऊन बसला तो ऑइल खेचणाऱ्या पंपाच्या जाळीत. किल्लारीच्या वाटेवर ऑइल वर चढेना आणि इंजिन जाम झालं... मेकॅनिकनं काळीकुट्ट जाळी हातावर ठेवली. "टायमावर ऑइल बदललं तर बाटली लागतच न्हाई, अन् इतक्या जुन्या गाळाला तर हातच लावू न्हाई," म्हणाला. मावशी ती जाळी घेऊन दुकानात गेली. भरल्या गिऱ्हाइकात बालाजीशेठ हसला, "बाईमान्सानं गाडी हाकली की असंच व्हनार."

पोटापाण्याची गाडी गेली ती गेलीच, वर हा अपमान! दुकानासमोर मावशीचा रिकामा प्लॉट होता. तिनं मेलेली जीप ओढत आणून तिथं उभी केली, जाळी आरशाला टांगली. पुढं शिवणकाम करून पोट भरलं, पण दर बाजाराला ती जीपमध्ये बसायची. कुणी बाटली घेऊन बाहेर आलं की हाक मारायची, "दादा, गाडी किती जुनी हाय? हिकडं या, ही बघा." मी म्हणायचे, सोड आता. "चार लोकांत बोलला ना? चार लोकांतच चुकलं म्हनावं त्यानं." ...तो कधी म्हणाला नाही.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मात्र आला. माईक धरून "लई धाडसी बाई" वगैरे बोलला आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता जीप हलवा. मेल्यावर वैर कशाला?" मी म्हटलं, "खरंय. माईक चालूच हाय. चूक बाटलीची होती, मावशीची न्हाई, एवढं बोला. आत्ता हलवते." त्यानं माईककडं पाहिलं, चहा संपवला आणि निघून गेला.

लोक म्हणतात, मोठं मन कर. मला नाही करायचं. परवाच्या बाजाराला नांदेडहून मुद्दाम गेले. मावशीच्या सीटवर तिनं शिवलेली गोधडीची गादी अजून आहे, तिच्यावर बसले. जाळी फडक्यानं पुसली. एक जण बाटली घेऊन दुकानातून उतरला.

"दादा," मी हाक मारली, "गाडी किती जुनी हाय?"

बालाजीशेठनं दचकून वर पाहिलं... पडला गं मावशी, त्याचा चेहरा पडला.