मला न विचारता दिलेला बोटीचा निरोप

रविवार, ११ जानेवारी, सकाळी सव्वानऊ. शहापूरच्या नाक्यावर, मोबाइलच्या दुकानाच्या डोक्यावर, मला मीच दिसले. चांगली दहा फूट रुंद. डोक्यावर कप्तानाची टोपी, मागे पांढरीशुभ्र बोट आणि खाली गुलाबी अक्षरं: 'आमच्या ताई बोटीवर कायमच्या राहायला जात असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: यशवंत व समस्त परिवार.'

यशवंत माझा धाकटा भाऊ, राहतो सरळगावजवळ. आणि मी कुठेही राहायला जात नव्हते. मी विचार करत होते. या दोन गोष्टींत फरक असतो, हे आमच्या घरात फक्त मलाच ठाऊक आहे.

निवृत्तीनंतर बोटीवर राहण्याचं स्वप्न तुमच्यापैकीही काहींना पडत असेल, म्हणून आधी माझा हिशेब सांगते. मी मुंबईच्या गोदीतल्या एका कचेरीत नोकरी केली. जन्मभर बोटींचे कागद रंगवले, एकीवरही पाऊल ठेवलं नाही. आता एका क्रूझ कंपनीची योजना कळली: वाशिंदचा फ्लॅट विकायचा आणि बोटीवर कायमची खोली घ्यायची. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, सोसायटीची मीटिंग नाही. होकार-नकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा आहे. माहितीपत्रकातलं एकच वाक्य खुपत होतं: गंभीर आजारी प्रवाशाला पुढच्या बंदरावर उतरवलं जाईल. उतरवा बापडे. पण फ्लॅट विकल्यावर उतरलेल्या बाईने जायचं कुठे?

उत्तर माझ्या मते तयार होतं. आई गेल्यापासून माहेरच्या माडीवरची खोली माझी आहे. तिथे दोन दिवस शांत बसून ठरवावं, म्हणून निघाले. वाशिंदहून आसनगाव एकच स्टेशन, पुढे शहापूरपर्यंत रिक्षा. माहुलीचे सुळके त्या दिवशी इतके स्वच्छ दिसत होते की मी चक्क खुशीत होते. नाक्यापर्यंत.

रिक्षावाला आरशातून एकदा माझ्याकडे आणि एकदा फ्लेक्सकडे बघत होता.

"मावशी, त्या तुमीच ना?"

"नाही. माझी जुळी बहीण."

"टोपी झ्याक दिसते तुमाला. पन परत नाय येनार म्हंजे नायच का?"

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या: आवाज चढवू नये, भुवई चढवावी. मी भुवई चढवली आणि भाडं देऊन उतरले.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावची एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. जेवण बांधून घ्या, किंवा किन्हवलीत गरम बटाटावडा खा. चहा मात्र पाकाइतका गोड. रस्ता बरा आहे. कापणी झालेली शेतं, मधूनच वालाचे हिरवे पट्टे, आणि माझ्या पुढच्या सीटवर दोन बायका. विषय मी.

"पोरंबाळं नसतील गो. घरात कोन इचारत नसंल."

"नायतर बाईमानूस पान्यात रहायला कशाला जाईल?"

मी पुढे वाकून म्हटलं, "पाण्यात मासे राहतात. बाई बोटीत राहते." दोघींनी वळून पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि सरळगावपर्यंत त्यांचा विषय सुकटीचा भाव हा होता. पण 'घरात कोन इचारत नसंल' हे वाक्य लागायचं ते लागलंच.

घरी पोचले तर दारात रांगोळी. भावजय सुलभाने तांदळाची भाकरी आणि बिरडं केलेलं. यशवंताने म्हशाच्या जत्रेतून माझ्यासाठी घोंगडी आणलेली: बोटीवर थंडी वाजते म्हणून! मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"तो फ्लेक्स कोणाला विचारून लावलास?"

"तूच फोनवर बोललीस ना, खोली बगते म्हनून."

"बघते म्हणजे घेतली?"

"ताई, आई आजारी म्हनून बोटीवर नाय गेलीस. माझं लगीन म्हनून नाय गेलीस. मग पेन्शनचे कागद. आता दोन तालुक्यांना म्हाईत झालंय. आता मागं फिरायला लाज वाटंल तुला." तो हसला नाही. "म्हनून लावला."

मी खाली बसले. हे मला अपेक्षित नव्हतं. त्याच्या विरोधाला उत्तरं पाठ करून आले होते. तो ढकलेल, हे स्वप्नातही नव्हतं.

सुलभा भाकरी वाढत म्हणाली, "मी बोल्ले ह्यांना, नुसतं जायचं नका लिवू. यायचंपन लिवा."

तिचं बोलणं मला माडीवर गेल्यावर कळलं. दार अर्धंच उघडलं. आत भाताच्या गोण्या, छतापर्यंत. माझा पलंग कुठे म्हणाल, तर त्या गोण्यांच्या खाली.

"मोकळीच होनार ना आता," यशवंत मागून म्हणाला. अगदी सहज. मला घोंगडी घ्यायला विसरला नाही, आणि पलंग विसरला. त्या रात्री मी ओटीवर झोपले. दुसऱ्या दिवशी मुरबाडहून कल्याणची बस धरली, तर स्टँडवर टोपीवाली मी पुन्हा हजर.

आता वाशिंदच्या फ्लॅटमध्ये घोंगडी पांघरून हे लिहितेय. घोंगडी टोचते, पण ऊब आहे. मला बोटीचं विचाराल, तर सांगेन, जरूर जा; फक्त आधी किनाऱ्यावरचा पलंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. यशवंताचं खरं आहे, मी जन्मभर कारणं शोधली. हे कारण नाही. ही अट आहे.

तेव्हा यशवंता, सुलभा तुला हे मोठ्याने वाचून दाखवेलच: त्या गोण्या कधी हलणार, आणि मी कधीही उतरले तरी ती खोली माझी राहणार का? रविवार, २५ जानेवारी, संध्याकाळी सहाच्या आत, लेखी. फोनवर "हो गो ताई" चालणार नाही. तुझं उत्तर आल्यावरच मी कंपनीला माझं कळवेन. आणि फ्लेक्सवर लिहून पाठवू नकोस.