मर्जरावांची संध्याकाळ

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात उत्तरं लिहायची एक जुनी पद्धत होती. आधीच्या माणसाला पाठवलेलं पत्र उघडायचं, त्याचं नाव खोडून नव्या माणसाचं घालायचं आणि बाकीचं देवाच्या भरवशावर सोडायचं. त्यामुळे गढूळ पाण्याची तक्रार करणाऱ्या एका धडधाकट पैलवानाला 'आपल्या दिवंगत पतीच्या नावावरील नळजोडणी' अशी सुरुवात असलेलं उत्तर गेलं होतं. पैलवान पत्र घेऊन खिडकीशी आला, तेव्हा झाडून सगळा विभाग चहाला गेलेला होता.

मर्जराव याच विभागात कारकून. कचेरी पाचला सुटे, पण पाचला घरी जाईल तो कारकून कसला! मर्जरावांना मात्र घरची ओढ होती आणि तिला कारणही होतं. बायको दवाखान्यात नर्स, तिची पाळी दुपारची. चौथीतली लेक शाळेतून आली की गळ्यातल्या किल्लीनं कुलूप काढायची आणि बापाची वाट बघत बसायची. खालच्या मजल्यावरच्या काकू अधूनमधून डोकावत, हा त्यांचा चांगुलपणा. बाप यायचा तेव्हा पोर वहीवर डोकं टेकून पेंगत असायची. मर्जरावांच्या जिवाला ते लागायचं.

एके दिवशी चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि मर्जरावांना 'मेल मर्ज' सापडलं. एका बाजूला तक्रारदारांचा तक्ता, दुसऱ्या बाजूला एकच पत्र. दोघांची गाठ घालून दिली की ज्याच्या त्याच्या नावाची, ज्याच्या त्याच्या मीटरची पत्रं भराभरा तयार! विधुर कोण, विधवा कोण, हेसुद्धा यंत्र बघून घेणार. पाठोपाठ त्यांना कळलं, की दोन अक्षरं टाइप केली की 'आपल्या तक्रारीची गांभीर्याने नोंद घेण्यात आली आहे' हे अख्खं वाक्य आपोआप उमटवता येतं. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर बोटं दुखेपर्यंत बडवलं होतं. हातानं बडवल्यानं गांभीर्य वाढत होतं, असंही नाही.

आता दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीतच संपायला लागलं. आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना 'मर्जराव' हे नाव ठेवलं ते तेव्हाच. पण नाव ठेवताना बाईंनी सावधही केलं.

"बोंबलू नका कुठे. मी एकदा काम लवकर संपवलं होतं. तेव्हापासून आवक माझ्याकडे, जावक माझ्याकडे आणि साहेबांच्या मुलाचं शाळेचं प्रोजेक्टही माझ्याकडेच."

खरंच होतं ते. या कचेरीत ज्याचे हात रिकामे दिसले, त्याच्या हातात दुसऱ्याचं काम पडे. मग मर्जरावांनी आणखी एक सोय शोधून काढली. मेल आत्ता लिहायची, पण ती जायची वेळ पुढची ठरवून ठेवायची. साहेबांना रोजचा अहवाल ते दुपारीच लिहीत आणि पावणेआठची वेळ लावून पाच वाजता चोरपावलांनी घरी सटकत.

त्या संध्याकाळी काय वर्णाव्यात! गल्लीत बापलेक बॅडमिंटन खेळत. फूल हटकून काकूंच्या छज्ज्यावर जाई आणि काकू काठीनं पाडून देताना दोघांनाही सारख्याच शिव्या देत. पावणेआठला आमटीला उकळी आलेली असे आणि तिकडे अहवाल आपल्या पायांनी साहेबांकडे चाललेला असे. मर्जराव सुखात होते. माणसानं सुखात असावं, पण कचेरीत त्याचा आदर्श होऊ नये, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

साहेब सहालाच घरी जात आणि तिथे सोफ्यावर पाय पसरून मोबाइलवर मेल बघत. रोज पावणेआठला अहवाल! साहेबांचा ऊर भरून आला. महिन्याच्या बैठकीत त्यांनी मर्जरावांना उभं केलं.

"हा माणूस बघा. पावणेआठपर्यंत खपतो, तोंडातून चकार शब्द नाही! आणि तुम्ही? सहाला डबे वाजवत निघता. उद्यापासून आठच्या आत कुणी उठायचं नाही. सगळ्यांच्या पुढे हे बसतील, तुमच्या डोळ्यांसमोर आदर्श असू दे!"

टाळ्या वाजल्या. त्या कशा वाजल्या, ते ज्याला वाजवाव्या लागल्या त्यालाच विचारावं. मर्जरावांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगावं, तर लबाडी उघडी पडते. शिवाय काम दुपारीच संपतं हे वर कळलं, तर निम्म्या खुर्च्या उचलल्या जातील. त्यांनी मान खाली घालून सत्कार स्वीकारला.

बाहेर येताच बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"आता आम्हालाही शिकवा ते. आठपर्यंत बसायचंच आहे, तर निदान काम तरी नको."

मर्जरावांनी शिकवलं. आठवड्याभरात अख्ख्या विभागाचं काम दुपारी संपायला लागलं. त्यानंतर सगळा विभाग आठपर्यंत नुसता बसे; आधी कोण उठतं ते कळवायला साहेबांनी दारात शिपाई बसवला होता. कुणी जांभया देई, कुणी नखं कापी. पावणेआठ झाले की आपापली मेल आपोआप जाताना प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर बघे. साहेब घरी सोफ्यावर धन्य होत.

मर्जरावांना एकच दिलासा होता. रोज साडेसहाला लेकीचा मेसेज यायचा, घरातल्या जुन्या मोबाइलवरून. 'जेवले. अभ्यास झाला.' आणि त्याखाली, 'बाबा, तुझी आठवण येते.' तो वाचून मर्जरावांना भरून यायचं. पोर विसरली नाही आपल्याला, एवढ्या आधारावर ते आठपर्यंत तग धरून असत.

मग एका संध्याकाळी साहेब निघायच्या आतच कचेरीची वीज गेली. अंधारात आदर्श दिसत नाही म्हणून साहेबांनी सगळ्यांना घरी सोडलं. मर्जराव जवळजवळ धावतच निघाले. जिना चढून दार लोटलं, तर लेक जमिनीवर पालथी पडून कार्टून बघत होती.

"अगंबाई, आलास?" एवढं म्हणून तिनं पुन्हा तोंड फिरवलं.

ते तिच्याशेजारी टेकले, बूटही न काढता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मेसेज होता. 'जेवले. अभ्यास झाला. बाबा, तुझी आठवण येते.'

मर्जरावांनी लेकीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात हनुवटीखाली होते. दप्तर कोपऱ्यात, न उघडलेलं.

"हा मेसेज तू कधी केलास?"

"रविवारी," ती कार्टूनवरची नजर न हलवता म्हणाली. "सगळ्या आठवड्याचे एकदम करून, वेळ लावून ठेवते. खालच्या काकूंकडच्या दादानं दाखवलं. रोज रोज कोण लिहीत बसणार?"

"आणि आठवण?" मर्जरावांनी विचारलं.

"येते ना रे! पण रोज त्याच वेळेला येईल असं नाही ना."

पोरीच्या बोलण्यात राग नव्हता की रुसवा. राग असता तर बरं झालं असतं, समजूत तरी काढता आली असती. जाहिरात लागली तसं तिनं पहिल्यांदाच नीट वळून बापाकडे बघितलं आणि फोन हातात घेतला.

"उद्या पण लवकर येणारेस का? मग उद्याचा मेसेज काढून टाकते."

मर्जराव वाकून बुटाची नाडी सोडू लागले. कचेरीत वीज रात्रीतून येणारच होती.

"राहू दे," ते म्हणाले.