वुडलँड्समध्ये मीठ कोण बघणार?

ताईचा फोन आला, "मंजू, तुला मटणाचं येतं ना? मग तिकीट काढ." एवढ्यावर माझं सिंगापूर ठरलं.

तिचे यजमान, आमचे भाऊजी, तीस वर्षं जहाजावर इंजिनियर होते. पोटाच्या ऑपरेशननंतर त्यांचं खाणंच सुटलं. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. भाऊजींनी मागितली जहाजावरच्या गोव्याच्या कुकची भाजी: मोहरीचा पाला, धुरावलेल्या मांसाबरोबर मंद शिजवलेला. पण ताई जन्मात अंड्यालाही शिवलेली नाही. मी सासरी येऊन बाटले, म्हणून मला बोलावणं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: अरायव्हल फॉर्म घरूनच ऑनलाइन भरा, त्याला पैसे पडत नाहीत. बॅगेत मांसमच्छी नेऊ नका. विमानतळावरून वुडलँड्स बरंच लांब आहे, पार उत्तरेच्या टोकाला. हातात सामान असेल तर सरळ टॅक्सी करा, एरवी एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, उत्तम. सोमवारी पोचले तर भाऊजी दार उघडायला आले. शर्ट खांद्यावरून घसरत होता. मी चपला काढायच्या निमित्ताने खाली बघितलं.

मंगळवारी सकाळी ताई आणि मी मार्केटात. मोहरीचा पाला तिथे काय चॉय या नावाने मिळतो. जाड देठांची, कडवट भाजी, दोन डॉलरला मोठी जुडी. मांस म्हणून सुपरमार्केटातलं स्मोक्ड डक, म्हणजे धुरावलेलं बदक, घेतलं. भाजीवाल्या चिनी आंटीने बजावलं, "Cook long long, then nice, lah."

मी ऐकलं आणि घरी येऊन कुकर लावला. आपल्याकडे सगळ्या प्रश्नांना चार शिट्ट्या हे उत्तर. भाऊजींनी दोन घास खाल्ले, "छान झालीय" म्हणाले आणि ताट सरकवलं. त्या "छान"ने ताईचा चेहरा पडला.

बुधवारी तिने मला बळेच पुलाउ उबीन बेटावर पाठवलं. चांगीच्या धक्क्यावरून बमबोट, म्हणजे छोटी लाकडी होडी, सुटते, माणशी चार डॉलर, बारा माणसं जमली की निघते. सायकल भाड्याने मिळते, जुनी लाकडी घरं बघण्यासारखी आहेत. पाणी बरोबर न्या. मला मात्र सगळीकडे पाला दिसत होता. परत येताना आणखी एक जुडी घेतली.

गुरुवारी जाड बुडाचं पातेलं काढलं. कांदा, लसूण, डकचे तुकडे, वर पाला, बेताचं पाणी, झाकण. ताई नाकाला पदर लावून, पण ओट्यापाशीच उभी. अर्ध्या तासाने मी मीठ बघायला चमचा ओठाशी नेला आणि हात थांबला.

"ताई, आज गुरुवार."

माझा दत्ताचा वार. लग्नाआधीपासून पाळतेय. आता भाजी अर्धी शिजलेली, मांस स्वतःच खारट, आणि चव बघायला स्वयंपाकघरात एकही जीभ नाही. ताई हताश होऊन हसली, मग बाहेर बघून म्हणाली, "अहो, जरा मीठ बघता का?"

भाऊजी आले. फुंकर घालून चमचाभर रस्सा घेतला. "पाणी घाल थोडं."

मग खुर्ची ओढून तिथेच बसले. म्हणाले, कुकही असाच मला गॅलीत, जहाजाच्या स्वयंपाकघरात, बसवून ठेवायचा. दर दहा-पंधरा मिनिटांनी ताई चमचा पुढे करायची. "आता?" "अजून देठ कडक आहेत." "आता?" "आता मिरी." दोन तासांत पाला काळपट हिरवा, मऊ लोण्यासारखा झाला. जेवायला बसलो तेव्हा ते म्हणाले, "मला फार भूक नाही." नसणारच. वाटीभर तर चाखण्यातच पोटात गेली होती. तरी भाताबरोबर आणखी थोडी घेतली. ताई देवाजवळ दिवा लावायला म्हणून उठली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

शुक्रवारी परत केली, शनिवारी मी निघाले. बॅगेत चॉकलेटं, पांदान केक आणि काय चॉयच्या बियांचं पाकीट. बिया पुण्याच्या विमानतळावर निघाल्या आणि तिथेच राहिल्या. चूक माझीच, तुम्ही करू नका.

परवा ताईला फोन केला. भाऊजींचं वजन दोन किलो वाढलंय. मागे पातेल्याचं झाकण वाजत होतं.

"अजून त्यांनाच मीठ बघायला लावतेस?" मी विचारलं.

ती आवाज बारीक करून म्हणाली, "मिठाचं माप मला दुसऱ्याच खेपेला कळलंय गं. त्यांना सांगू नकोस."

मग फोन बाजूला धरून तिने हाक मारली, "अहो, येताय ना?"