अल्ब्युमिन कमी आहे

"काका, सोबत कोण आलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणीच नाही. मी एकटाच आहो."

त्यांनी रिपोर्ट पुढं ओढला. "अल्ब्युमिन कमी आहे. लिव्हर खराब होऊन राहिलं."

अल्ब्युमिन हा शब्द मी गोंदियाच्या त्या दवाखान्यात पहिल्यांदा ऐकला. ते रक्तातलं एक प्रोटीन. लिव्हर, म्हणजे आपलं यकृत, ते बनवतं. त्याच्यामुळे पाणी रक्तवाहिन्यांत टिकून राहतं. ते घटलं की पाणी झिरपतं आणि पाय सुजतात. माझे पाय धानाच्या रोवणीपासून सुजत होते. चिखलात उभं राहून झालं असेल, असं मी धरून चाललो. दवनीवाड्याला मी एकटाच राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा प्रमोद हैदराबादला कामाला. पायांकडे बघून टोकणारं घरात कुणी नव्हतं.

"डाळ, अंडी जास्त खाऊ का?"

"खा. पण खाणं कमी पडून हे झालेलं नाही. प्रोटीन बनवणारं लिव्हरच थकलंय. दारू पिता?"

"कधीच नाही."

मग आणखी रक्त घेतलं. हिपॅटायटिस बी निघाला. हा रक्तातून पसरणारा विषाणू. वर्षानुवर्षं त्रास न देता लिव्हर पोखरतो.

गावात बातमी अर्धीच पोचली, लिव्हर खराब झालं एवढीच. शेजारचा धनराज ओसरीत येऊन म्हणाला, "काऊन गा, चोरून दारू पेत होता का?" आणि हसला. मीही हसलो. सोबत जेवल्यानं हा आजार पसरत नाही, हे डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. पण गावाला कोण समजावणार? त्यापेक्षा दारुडा ठरणं सोपं वाटलं.

पुढची तपासणी अल्फा-फीटोप्रोटीनची. हेही रक्तातलं प्रोटीन. लिव्हरमध्ये कॅन्सर असेल तर ते वाढलेलं सापडू शकतं. जोडीला सोनोग्राफी. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो. शेजारी छत्तीसगडचं एक कुटुंब डबा उघडून जेवत होतं. त्यांच्यातल्या म्हातारीनं पोळी पुढं केली, "ले न, खा ले." मी उठून नळाकडे गेलो, तोंडावर पाणी मारलं.

रिपोर्ट चांगला आला. गाठ नव्हती. पण सिरोसिस सुरू झालेला, म्हणजे लिव्हर जागोजागी घट्ट झालेलं. रोजची गोळी लागली, मनानं बंद करायची नाही.

"मुलालाही तपासायला सांगा. एकाच घरात हा आणखी कुणाला असू शकतो," डॉक्टर म्हणाले.

तेच जड गेलं. फोनवर मी धानाचं बोलायचो, पावसाचं बोलायचो आणि ठेवून द्यायचो. शेवटी एकदा सांगून टाकलं.

"बाबा, एकटेच काऊन गेले जी तुमी?"

त्याच्याही रक्तात विषाणू निघाला. कुणाकडून कुणाला गेला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी दिवसभर चूल पेटवली नाही. पण त्याचं अल्ब्युमिन चांगलं आहे, लिव्हर धड आहे. अजून गोळी लागत नाही, फक्त नेमानं तपासणी. "वेळेवर कळलं," असं तिथले डॉक्टर म्हणाले.

माझी सूज उतरली, अल्ब्युमिन थोडं वर आलं. सिरोसिस राहणारच. दारू पीत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आणि कळलं तर घरच्यांपासून लपवू नका, एवढंच माझ्यासारख्यांना सांगतो.

प्रमोद आता रोज संध्याकाळी फोन करतो. थोड्या वेळात बोलणं सरतं. तरी फोन दोघांपैकी कुणीच ठेवत नाही.