एका माणसाची गाडी

मित्रहो, दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची जुनी मोटारसायकल आज सकाळी हिंगोलीच्या गॅरेजमधून घरी आणली. दादा गेल्यापासून ती गोठ्यात गंजत पडली होती. आता तिला काळा रंग आहे, हँडल खाली घेतलंय आणि सीट एका माणसापुरतं आहे.

मागची फ्रेम कापताना मेकॅनिक म्हणाला होता, ‘मागं बसायला हाय कोन तुमच्या, भाऊ? लग्न तर करून न्हाई राहिले.’ मीही हसलो होतो.

आवाज ऐकून आई बाहेर आली. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पिशवी. आज जवळा बाजार गावचा आठवडी बाजार. दादा होते तोवर ती याच गाडीवर त्यांच्या मागे बसून बाजाराला जायची.

तिने टाकीवरून हात फिरवला. मग मागच्या बाजूला गेली आणि थांबली. तिची पाय ठेवायची पट्टीही काढून टाकलेली होती.

‘काहून रे, मी कुठं बसू?’

मी इंजिन बंद केलं. ती म्हणाली, ‘बरी दिसून राहिली पण.’ आणि ऑटोकडे चालू लागली.

मी मेकॅनिकला फोन केला. लांब सीट पुन्हा बसवता येईल म्हणाला. संध्याकाळी आईला तसं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

‘राहू दे रे. मला तुझ्या दादाच्या गाडीवर बसायचं होतं.’

वडिलांची गाडी नव्याने करणाऱ्यांनो, कापायच्या आधी तुम्ही घरात कोणाला विचारलं होतं का?