म्हातारीचा मुखवटा

देवावर माझा विश्वास होता का, मला खरंच सांगता येणार नाही. ग्लासगोत तीस वर्षं डॉक्टरकी केली, आयुष्य हॉस्पिटलच्या ड्यूटीच्या वेळापत्रकावर चाललं. गढवालमधल्या एका लहान गावातला मुखवट्यांचा नाच बघायचा माझ्या बायकोला फार ध्यास होता. दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी ॲन्युअल लीव्ह घेतो, मग जाऊ. जानेवारीत ती वारली. एप्रिलमध्ये मी एकटाच निघालो. पुण्याहून ताई फोनवर रागावली, "अरे, वर्षाच्या आत उत्सव कसला बघायला जातोस?" मला बायकोची माफी मागायची होती आणि घरात बसून ती मागता येत नव्हती.

ज्यांच्याकडे उतरलो त्या आजींनी चहा देताना विचारलं, "बाईसाहेब नाही आल्या?"

"गुडघे दुखतात तिचे," मी ठोकून दिलं. ती गेली, हे तोंडातून निघतच नव्हतं. चार महिन्यांत मी एकदाही रडलो नव्हतो.

दुपारी देवळाच्या अंगणात ढोल वाजू लागले. लाकडी मुखवटे घालून माणसं नाचत होती. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून बसलो. तेवढ्यात म्हातारीचा मुखवटा घातलेला एक जण गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या शेजारी बसला. ढोल थांबले. त्याने माझा हात धरला. मला वाटलं, पाहुण्याची थट्टा चाललीय. पण कोणी हसेना. मग मला असं रडू फुटलं की लाजबीज सगळी गेली.

संध्याकाळी आजी म्हणाल्या, "वर्षभरात ज्यांचं कोणी गेलं असेल, त्यांच्याजवळ ही म्हातारी बसते. यंदा गावात कोणी गेलं नाही. ती कुठे बसते, आम्हीही बघत होतो."

"माझी बायको गेली, आजी. मी खोटं बोललो."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला.

हे कसं घडलं, ते मी शोधत बसलो नाही. त्या नाचणाऱ्यालाही विचारलं नाही. माफी मिळाली असंही म्हणवत नाही. ती वर्षं मीच वाया घालवली, ती परत यायची नाहीत. फक्त सगळं एकट्यानेच सोसायचा हट्ट त्या अंगणात सुटला.

निघताना आजींनी विचारलं, "नाव काय तिचं? देवाला सांगते."

"सुमती," मी म्हणालो. ती गेल्यापासून ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं. त्या परक्या गावात आता कोणीतरी ते देवापुढे घेतं, आणि याहून जास्त मी काही मागत नाही.